उन्हात बंद पडणारी रॅम

धोंड्याच्या महिन्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांना त्या महिन्यात भांडायला सवड मिळते. वाटूर फाट्यावरच्या धर्मराज आणि कल्याण या दोघा भावांनी मात्र भांडण केलं नाही, सरळ वाटणी काढली. त्यांचे मामा तातेराव यांचं म्हणणंच होतं की भांडून वाटणी करण्यापेक्षा वाटणी करून भांडावं, निदान कोण कशावरून भांडतंय ते तरी कळतं. अधिक महिन्यात असलं काम काढू नये, असं शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या. त्यावर तातेराव म्हणाले, "वाटणी काय शुभकार्य हाय का? तिला कशाला पाह्यजे मुहूर्त?"

कारण म्हणाल तर एवढंसं होतं. त्यांच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला सोनेरी अक्षरांत थोरल्याचं नाव यायचं, आणि अर्धी गिऱ्हाइकं आणणाऱ्या, ड्रोन उडवणाऱ्या कल्याणला ते खुपायचं. धर्मराज दोन्ही नावं टाकायला तयार होता. पण तोवर कल्याणच्या सासऱ्यांनी परतूरला एक गाळा पाहून ठेवला होता. सासरवाडीनं गाळा दाखवला की भल्याभल्यांना भाऊ जरा लांबच बरा वाटतो. शेत एकत्रच राहणार होतं. वाटायचा होता तो फक्त स्टुडिओ.

वाटणीची रीत त्या घरात जुनी होती. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. त्यामुळे थोरला लबाडी करत नाही, कारण लबाडीचा वाटा शेवटी त्याच्याच गळ्यात पडतो. एखादा वाटा हलका वाटला तर दुसऱ्यातलं काहीतरी काढून त्याच्यावर भर घालायची. आणि धाकट्यानं एकदा हात ठेवला की बदल नाही. आजोबांची बैलं, विहिरीच्या पाळ्या, बांधावरची आंब्याची झाडं, सगळं असंच वाटलं गेलं होतं आणि आजवर कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. आता तीच रीत कॅमेऱ्यांना आणि कॉम्प्युटरला लावायची होती.

धर्मराजनं दोन वाटे मनात केव्हाच पाडले होते आणि घरात सांगितलेही होते. एका वाट्यात दोन्ही कॅमेरे, लेन्स, लाइट आणि ड्रोन. दुसऱ्यात कॉम्प्युटर, मोठा स्क्रीन, हार्डडिस्क, अल्बम छापायचा प्रिंटर आणि यूपीएस. पहिला वाटा आला तर शूटिंग करायचं, दुसरा आला तर लोकांचं एडिटिंग करून द्यायचं, असा त्याचा सरळ हिशेब होता. जे येईल ते येईल, म्हणून तो निवांत झोपायचा.

झोप उडाली होती ती त्याच्या बायकोची, दैवशालाची. दैवशाला लग्न होऊन वाटूरला आली, तेव्हा धर्मराज शूटिंग करून आणायचा आणि जालन्यात कुणाला तरी एडिटिंगला द्यायचा. तो माणूस नवरीच्या मामालाच कापून टाकायचा, आणि मामाच्या शिव्या धर्मराज खायचा. एकदा दैवशाला म्हणाली, मी बघू का? मग बघता बघता ती शिकली. कोणत्या बाईला दोनदा दाखवलं नाही तर रुसवा होईल, नवरीच्या आईच्या रडण्यावर किती वेळ थांबायचं, बँडवाल्यांना कुठं आवरायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. आता परतूर-मंठ्याकडचे शूटिंगवालेसुद्धा आपली मेमरी कार्डं घेऊन तिच्याकडे येत आणि "ताई, तेवढं बघा ना" म्हणत पायरीवर बसून राहत. पण तिला सगळ्यात मोलाचं होतं ते दुसरंच. त्या खुर्चीत ती बसलेली असली की तिला कुणी चहा टाक म्हणत नव्हतं.

कॉम्प्युटर गेला तर ती खुर्ची जाणार होती. दुसरा घ्यायची ऐपत इतक्यात येणार नव्हती, आणि मधल्या काळात बाईमाणसाचे हात रिकामे दिसले की घर त्यांना काम शोधून देतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि जाईल अशी भीती तिला होती. कल्याणची बायको सुरेखा सहा महिने तिच्याशेजारी स्टूल टाकून शिकत होती. गुणी पोरगी होती, एकदा सांगितलेलं विसरायची नाही. एका संध्याकाळी जेवताना कल्याण म्हणाला होता, "आता कॅमेरा कोण बी धरतो वैनी. असली मजा एडिटिंगमधीच हाय." आणि सुरेखा ताटाकडं बघून हसली होती. एवढंच झालं होतं. पण ते हसणं दैवशालाच्या डोक्यातून जाता जाईना.

अशात कॉम्प्युटरमधल्या रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक मेली. काम कासवाच्या चालीनं चालायला लागलं. धर्मराज म्हणाला, "लंगडा बैल वाट्यात मांडत न्हाईत. तू पह्यले जालन्याला जाऊन नवीन रॅम टाकून आन. आपल्याला येवो नाहीतर त्याला, चीज धड पाह्यजे." यंत्रातलं त्याला काही कळत नव्हतं आणि कळत नाही हे सांगायला तो लाजतही नव्हता. दैवशालानं कॅबिनेट जुन्या सतरंजीत गुंडाळलं आणि ओळखीच्या टेम्पोत ठेवून ती निघाली.

जालन्यात मस्तगडला गौतमचंद शेठजींचं दुकान पूर्वी घड्याळांचं होतं. मुलानं, नमननं, ते हळूहळू कॉम्प्युटरचं केलं, पण शेठजी अजून दाराशी त्याच जुन्या गादीवर बसत आणि येणाऱ्याला आधी पाणी विचारत. दैवशालाचं मशीन नमननंच जोडून दिलं होतं. प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, याला ती मंडळी ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. नमननं ते करून दिलं होतं आणि कमी-जास्त कसं करायचं तेही दैवशालानं त्याच्याकडून शिकून घेतलं होतं. दर उन्हाळ्यात ती वेग थोडा उतरवायची आणि दिवाळीनंतर पुन्हा चढवायची.

"आजकाल सोनं घ्या नाहीतर रॅम घ्या, बाई," शेठजी म्हणाले. "भाव सारखेच चढून राह्यलेत."

नमननं काउंटरवर दोन खोकी ठेवली. एकातल्या पट्ट्या काळ्या, बुटक्या, काहीच शोभा नसलेल्या. दुसऱ्यातल्या उंच, चंदेरी, आणि चालू झाल्या की त्यांच्या माथ्यावर रंगीत दिवे फिरणाऱ्या.

"ही काळी सहा हजारच्या वेगाची," नमन म्हणाला. "ही लाइटवाली सात हजार सहाशेची. दिसायला भारी आहे, पण तुम्हाला मी काळीच देईन. तुमचा प्रोसेसर आधीच चढवलेला आहे, ताई. त्याच्याबरोबर ही पूर्ण वेगानं पळवली तर दोघं मिळून तापतील. स्टुडिओची शेड पत्र्याची ना तुमची?"

"पत्र्याची."

"मग विषयच संपला. ही एसीत बसून गेम खेळणाऱ्या पोरांसाठी आहे."

दैवशालानं चंदेरी पट्टी हातात घेतली. "आन हीच टाकली तर काय व्हईन?"

"सकाळी चालेल. दुपारी पत्रा तापला की चुकायला लागेल. रॅमला दिलेलं तिनं जसंच्या तसं धरून ठेवायचं असतं. एक आकडा जरी चुकला, की निळा स्क्रीन आणि मशीन बंद."

"नक्की बंद पडन?"

नमननं तिच्याकडं पाहिलं. गिऱ्हाईक 'चालेल ना' असं विचारतं. 'बंद पडेल ना' असं विचारणारं गिऱ्हाईक त्या दुकानानं घड्याळांच्या दिवसांतही पाहिलं नसेल.

"पूर्ण वेगानं ठेवली तर बराबर बंद पडेल," तो म्हणाला.

"आन येग कमी केला तर?"

"सहा हजारवर आणली तर गरीब गाईसारखी चालेल. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एक आकडा बदलायचा, बस. पण कमीच पळवायची तर हिच्यावर एवढा खर्चा कशाला? त्यापेक्षा ही..."

"लाइटवाली दे."

"बाई, पोरगा म्हणतो ते ऐका," शेठजी गादीवरून म्हणाले. "आम्ही विकणारे असून नको म्हणतो, तर काही कारण असेल ना."

"न्हाई शेठजी, हीच पाह्यजे," दैवशाला म्हणाली. वरचे पैसे तिनं आपल्या बटव्यातून घातले. शेठजींनी मान हलवली आणि नेहमीप्रमाणे खोक्याला कुंकवाचं बोट लावून ते तिच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत बसून तिनं सगळं पुन्हा एकदा मनात घोळवलं. बेत सोपा होता. वाटणीच्या दिवशी रॅम पूर्ण वेगानं ठेवायची. भर दुपारी सगळ्यांसमोर मशीन बंद पडेल. कल्याण असल्या बिघाडाला घाबरणारा, तो कॅमेऱ्यांवर हात ठेवील. मशीन आपल्या वाट्याला येईल, आणि दुसऱ्या दिवशी एक आकडा बदलला की झालं. यात चोरी कुठं होती? यंत्र खराब नव्हतं, कुणाचं काही हिसकावलं नव्हतं, कॅमेरे आणि ड्रोन घेऊन कल्याणही सुखी होणार होता. असं तिनं स्वतःला समजावलं. लबाडी करायला निघालेली माणसं स्वतःला फार गोड समजावतात, आणि त्यांना ते पटतंही.

दोन दिवस तिनं पट्ट्यांची परीक्षा घेतली. सकाळी मशीन वाऱ्यासारखं पळायचं. दुपारी पत्रा कडकड वाजायला लागला की निळा स्क्रीन आलाच म्हणून समजायचं. सुरेखा शेजारी स्टुलावर होती. तिनं कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन त्याच्याकडं वळवला, आणि त्यानंही भागेना तेव्हा लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेऊन स्वतः वारा घालत बसली.

"बाई, नवीन रॅम टाकून बी हे काहून असं करून राह्यलं?" तिनं विचारलं.

"उन्हाचं," दैवशाला म्हणाली.

सुरेखानं मान डोलावली आणि आणखी जोरानं वारा घालायला लागली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दैवशालाला लाज वाटली. चांगलीच वाटली. पण लाजेनं माणूस थांबतोच असं नाही.

वाटणीच्या दिवशी तातेराव जेवून, पान खाऊन, दुपारच्या वक्ताला आले. शेडमध्ये सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर धर्मराजनं दोन्ही वाटे मांडले होते, मध्ये एक हात अंतर ठेवून. कॉम्प्युटर टेबलावरच होता, पण त्याचा प्रिंटर आणि डिस्क खाली मांडून त्यानं वाटा पुरा केला होता. कूलर फिरत होता आणि गरम हवाच इकडून तिकडं करत होता.

"सगळं चालवून दाखवा," तातेराव म्हणाले. "बैल बी चालवून पाहूनच घेत्यात."

धर्मराजनं दोन्ही कॅमेऱ्यांनी मामांचे फोटो काढून दाखवले. मामांनी दुसऱ्या फोटोसाठी टोपी नीट केली. कल्याणनं ड्रोन अंगणातून उडवला, बाभळीच्या वर नेला आणि सतरंजीच्या कडेला अलगद उतरवला. तो उतरवताना त्याच्या तोंडावर जे सुख होतं, ते बायकोकडं बघतानाही नसायचं. मग सगळे टेबलाकडं वळले.

दैवशाला खुर्चीत बसली. सकाळीच तिनं रॅमचा वेग सात हजार सहाशे करून ठेवला होता. वैशाखातल्या एका लग्नाचा व्हिडिओ तिनं उघडला आणि तो पूर्ण करायला लावला. काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी स्क्रीनवर पुढं सरकायला लागली, कॅबिनेटच्या काचेतून रॅमचे दिवे लाल-निळे फिरायला लागले, आणि पट्टी निम्म्यावरही गेली नसेल तोच सगळा स्क्रीन निळा झाला.

"ह्ये निळं काय झालं?" तातेरावांनी विचारलं.

"बंद पडलं, मामा."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. या वेळी ते आणखी लवकर बंद पडलं. दैवशालाला मनातून गुदगुल्या होत होत्या, आणि चेहरा तिनं पडलेला ठेवला होता. कल्याणनं कपाळाला आठ्या घातल्या. सगळं अगदी तिच्या मनासारखं होत होतं.

"रॅम तर नवी टाकली ना?" धर्मराजनं विचारलं.

"टाकली. उन्हानं असं करतंय."

धर्मराजनं निळ्या स्क्रीनकडं पाहिलं, मग भावाकडं. तो सरळ माणूस. सरळ माणसाबरोबर संसार करणं सोपं असतं, पण त्याच्याआडून डाव खेळणं अवघड, कारण तो पुढं काय करील ते डाव खेळणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. दैवशालानं कल्याणचा विचार केला होता, सुरेखाचा केला होता, पत्र्याचा आणि उन्हाचाही केला होता. नवऱ्याचा करायचा राहून गेला होता.

धर्मराज उठला. कॅमेऱ्यांच्या वाट्यातला ड्रोन त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि नेऊन कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ठेवला.

"ह्यो वाटा हलका पडला, मामा. हेच्यावर ही भर," तो म्हणाला. "आता झालं बराबर."

"झालं," तातेराव म्हणाले.

दैवशालानं ड्रोन उचलायला झटकन हात पुढं केला.

"कशाला ते?" ती घाईनं म्हणाली. "दोन मिन्टाचं काम हाय. मी आत्ता दुरुस्त करते, ड्रोन राहू द्या तिकडंच."

"सगळ्याहीच्या समोर दोनदा बंद पडलं," धर्मराज म्हणाला. "उद्या लोकांनी म्हणायला नको, थोरल्यानं भावाला फसवलं."

"पण होतंय ना ते नीट, मी..."

"वाटे मांडल्यावर हात लावायचा नसतो, बाई," तातेराव म्हणाले. आवाज चढवून नव्हे, रीत सांगावी तसं. "ऊठ तिथून. कल्याण, ठेव हात."

ती उठली. खरं सांगायचा एकच रस्ता उरला होता, आणि तो मामेसासऱ्यांसमोर, दिरासमोर, पुठ्ठ्यानं वारा घालणाऱ्या सुरेखासमोर तोंड उघडण्याचा होता. तिनं तोंड उघडलं नाही. कल्याण कॅमेऱ्यांपाशी उभा राहिला. मग कॉम्प्युटरकडं वळला. स्क्रीनकडं त्यानं पाहिलंच नाही. त्यानं ड्रोनवर हात ठेवला.

"ह्यो वाटा महा."

"झाली वाटणी," तातेराव म्हणाले आणि पाणी मागितलं.

टेम्पोत सामान चढवताना कल्याण वहिनीजवळ आला. तो मनानं वाईट नव्हताच कधी. "खरं सांगू का वैनी," तो म्हणाला, "मी कॅमेरेच उचलणार व्हतो. ड्रोन त्याच्यात व्हता म्हणून. ही म्हणत व्हती कॉम्प्युटर घेऊ, पण मी म्हणलं, ते वैनीचं हाय, तेला हात लावायचा न्हाई. पण दादानं ड्रोनच इकडं ठेवला, मंग काय करता." दैवशालानं कॅबिनेटला सतरंजी नीट गुंडाळून दिली आणि दोरीची गाठ स्वतः मारली.

संध्याकाळी धर्मराज पायरीवर बसून लेन्स पुसत होता. दैवशाला जवळच ज्वारी निवडत होती. वाटणी नीट पार पडली म्हणून तो समाधानी होता, पण मनात काहीतरी राहिलं होतं, ते त्यानं बोलून टाकलं.

"महा अंदाजच चुकला, बघ. मला वाटलं, कल्याण बंद पडलेलं मशीन घ्यायचा न्हाई. ते आपल्यालाच येईन. मंग तुला त्या खराब मशीनवर काहून बसवायचं? ड्रोन मला थोडाच उडवता येतो. म्हणलं, तो इकायचा आन त्या पैशात तुह्यासाठी चांगलं मशीन घ्यायचं. भर घातली ती रीतीनंच घातली, पण मनात ते बी व्हतं." तो थोडं हसला. "न्हाई जमलं. जाऊ दे."

दैवशालाचे हात ज्वारीत थांबले. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. वाटणीच्या दिवशी बायका रडतातच, असं धर्मराजला वाटलं, आणि तिला मोकळेपणी रडता यावं म्हणून तो उठून फाट्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरेखाचा फोन आला. दैवशालाचे हात पिठात होते, म्हणून धर्मराजनं फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोर धरला.

"बाई, सकाळधरून बराबर चालल्तं," सुरेखा म्हणाली. "आता दुपारपसून निळंच येतंय. मी फॅन लावला, पाण्याचं फडकं बी टाकलं खिडकीला. हे लै चिडलेत."

मागून कल्याणचा आवाज आला, दूरचा पण स्वच्छ. "चिडू नको तर काय करू? खोटा माल गळ्यात घातला दादानं. ड्रोनची लालूच दावली आन गळ्यात घातला. सासरे म्हणलेच व्हते मला."

धर्मराजचा फोन धरलेला हात तसाच राहिला. आयुष्यात त्याला कुणी खोटा म्हटलं नव्हतं. त्याच्या कानशिलापाशी शीर उडायला लागली. दैवशालानं त्याच्याकडं पाहिलं आणि मग तिला राहवलं नाही.

"सुरेखा, ऐक," ती म्हणाली. "मशीन बंद कर. चालू करताना डिलीटचं बटन दाबत राह्य. काळा स्क्रीन येईन."

"आला."

"तिथं मेमरी लिवलेलं हाय, त्याच्यात जा. सात हजार सहाशे दिसतंय का? तिथं सहा हजार कर. आता सेव्ह कर आन बाहीर ये."

तिकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. धर्मराज फोन धरून उभा होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा दैवशालानं पिठाच्या हातानंच ती उतरवली.

"बाई, चाललं," सुरेखा म्हणाली. "निम्म्याच्या पुढं गेलं. कालच्यासारखं अडकलं न्हाई. जातंय सरळ." तिच्या आवाजात आनंद होता. मग ती थांबली, आणि पुन्हा बोलली तेव्हा तो आनंद नव्हता. "बाई, हे तुमाला म्हाईत व्हतं?"

कल्याणची कुरकुरही थांबली होती. दैवशालानं हाताचं पीठ परातीत झटकलं.

"व्हतं," ती म्हणाली.

सुरेखानं फोन ठेवला. धर्मराजनं फोन कोनाड्यात ठेवला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

"काहून केलंस?"

"मला ते मशीन पाह्यजे व्हतं."

"मंग तसं म्हणायचं मला. एका शब्दानं म्हणायचं. कल्याण न्हाई म्हणला नसता, मी न्हाई म्हणलो नसतो."

"तुम्ही मामाला इचारलं, कल्याणला इचारलं," दैवशाला म्हणाली. "मला कवा इचारलं?"

धर्मराजनं बोलायला तोंड उघडलं. कधी, कुठल्या दिवशी, हे सांगायला तो मागं मागं जात राहिला, आणि त्याला एकही दिवस सापडेना.